भोंगा लावलेलं पिस्तूल

निशी-कसाई, तोक्यो
२० मार्च २०२३

नंदकिशोर भाऊजी,

मी एका डोळ्यानं दुधाकडे बघत होते आणि एका डोळ्यानं कचऱ्याकडे. बाटल्यांची झाकणं एका पिशवीत, बाटल्या दुसरीत, ट्यूनाचे डबे धुऊन उपडे. मध्येच गॅलरीत जाऊन उशांचे अभ्रे वाळत घातले, परत येऊन कणीक तिंबली. आणि तुमचे दादा माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाला पितळी भोंगा बसवत होते. मी म्हटलं, "अहो, पोळ्या कुठं लाटू?" ते म्हणाले, "आज ब्रेड खाऊ. जपानात आलोय, थोडं जपान्यांसारखं राहू." ब्रेड नव्हता घरात. मी फ्रिजवर पोळ्या लाटल्या. आमचा फ्रिज तेव्हा कमरेएवढा होता.

हे आठवायचं कारण सांगते. फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि हे प्रकरण एका वाक्याचं नाही, म्हणून पत्र.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा क्रीडा दिवस दरवर्षी मे महिन्यात नदीकाठच्या मैदानावर असतो. शर्यती तुमचे दादाच सोडायचे. पहिल्या वर्षी शिट्टी वाजवली, ती वाऱ्यात कुणाला ऐकू गेली नाही. पुढच्या खेपेला पुण्याहून टिकल्यांचं पिस्तूल आणलं, जुन्या पद्धतीचं, ओतीव धातूचं, काळं. आवाज बारीक, म्हणून भोंगा. लांब उभा राहून घड्याळ लावणाऱ्याला आवाज उशिरा पोचतो, म्हणून घोडा पडला की टणकन वर उडणारी लाल पत्र्याची चकती. हाताला घाम येतो, म्हणून मुठीला सायकलच्या हँडलचं रबर. असं करत करत ते पिस्तूल कमी आणि लग्नातली पिपाणी जास्त दिसायला लागलं. टिकल्या इथल्या खेळाच्या दुकानात मिळतात.

परवा मंडळाची सेक्रेटरी कादंबरी आली होती. पोरगी हुशार, बँकेचं सॉफ्टवेअर करते. म्हणाली, "काकू, यंदा काका नाहीत. स्टार्ट तुम्ही द्याल?" तिचा चहा व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. मग तिनं बॅगेतून लॅपटॉप काढला. "फक्त एक इश्यू आहे. पार्कच्या परमिशनला सगळं सामान डिक्लेअर करायचंय. हे मेटलचं आहे ना? मग मी काय लिहू? पिस्तूल?"

"खेळणं लिही."

"काकू, पण ते लीगली खेळणं आहे का?"

भाऊजी, मी सातवीनंतर शाळेत गेले नाही, पण छापलेलं काही सोडत नाही. कोश मांडीवर घेऊन इथला कायदा वाचला. धातूची वस्तू पिस्तुलासारखी दिसत असेल तर तिची नळी बुजलेली हवी आणि ती पूर्ण पांढरी किंवा पिवळी हवी. आपलं काळं आहे. पण ते पिस्तुलासारखं दिसतं की पिपाणीसारखं, हे ठरवणार कोण? तुम्ही टेक्सासात राहता, शनिवारी बंदुका उडवायला जाता, कायदे तोंडपाठ असतात असं तुमची विभा सांगते. तेव्हा सांगा, हे आहे काय?

मला ते यंदा उडवायचं आहे. त्यांच्या हातचं तेवढंच एक आवाज करणारं घरात उरलंय.

हे गेले तेव्हा ऑगस्टमध्ये तुम्ही आला नाहीत, पासपोर्टचं कारण सांगितलंत. ते मी ऐकून घेतलं, पटवून घेतलेलं नाही. ते नंतर.

तुमची वहिनी
चंद्रप्रभा

---

सॅन अँटोनियो, टेक्सास
२ एप्रिल २०२३

वहिनी,

वाकून नमस्कार. कंबर परवानगी देते तितकंच वाकलो आहे.

पत्र टाईप केलंय, राग मानू नका. माझ्या अक्षराबद्दल दादा काय म्हणायचा ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही योग्य माणसाला, योग्य वर्षी प्रश्न विचारलात. यंदा सारी अमेरिका याच प्रश्नावर भांडते आहे, आणि मी त्या भांडणात जातीनं हजर आहे. ऐका.

माझ्याकडे एक पिस्तूल आहे. नळी दहा इंची. त्याला मागच्या बाजूला एक दांडा लावलाय, त्याला पट्टा आहे, तो मनगटाच्या वर हाताला बांधायचा. असा दांडा लावला तरी ते पिस्तूलच, असं सरकारचं खातं कित्येक वर्षं म्हणत होतं. या जानेवारीत खात्यानं विचार बदलला. म्हणे, हा दांडा हाताला बांधायचा नाहीच, हा खांद्याला टेकवायचा. खांद्याला टेकवून उडवायची ती रायफल. रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड असेल तर ती वेगळी जात, तिची सरकारदरबारी नोंद हवी, नसेल तर तुरुंग. म्हणजे मी रात्री पिस्तूल कपाटात ठेवून झोपलो आणि सकाळी उठलो तर आत रायफल! मी हात लावला नाही, वहिनी. ती आपली आपणच झाली.

पुढची गंमत. त्याच पिस्तुलाला खालून एक उभी मूठ लावलीत तर ते ना पिस्तूल ना रायफल. त्या जातीचं नाव कायद्यात चक्क 'इतर कोणतेही शस्त्र' असं आहे. आपल्या लग्नपत्रिकेत शेवटी 'आणि समस्त आप्तेष्ट' असतं ना, तसं.

मला ३१ मेपर्यंत मुदत आहे. नोंद करा, नळी लांब करा, दांडा काढून टाका, सरकारजमा करा किंवा मोडून टाका. कोर्टात खटले चालू आहेत, पण माझ्या नावाचा एकही नाही.

यातून तुमच्यासाठी काढलेला नियम एकच, आणि तो मी ठळक करतो: गुन्हेगार मूळ वस्तू नसते, जोडलेली वस्तू असते. दादानं जे जे जोडलं ते ते काढा. भोंगा, चकती, रबर, सगळं. कंपनीतून जसं बाहेर पडलं तसं करा. मग ते निव्वळ दिवाळीचं खेळणं, कुणाच्या बापाची हरकत नाही.

पासपोर्टचं म्हणाल तर ते खरोखर गुंतागुंतीचं होतं. विभा नमस्कार सांगते.

तुमचा
नंदकिशोर

---

निशी-कसाई
१४ एप्रिल २०२३

नंदकिशोर भाऊजी,

तुमचा ठळक नियम पाळला. आता माझं काय झालं ते नीट बसून वाचा.

रविवारी सगळं सुटं केलं. भोंगा त्यांनी पेचांवर बसवला होता, मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा कापून घातला होता. चकतीची स्प्रिंग बॉलपेनातली. मुठीचं रबर निघेना, ते गरम पाण्यात धरलं. एकेक भाग वाटीत ठेवत गेले. हे करताना त्रास होईल असं वाटलं होतं. झाला, पण त्यांनी कुठं काय युक्ती केली होती ते बघण्यात मन जास्त गुंतलं. वर्षाकाठी एकदा ते हे सगळं उघडून टिकल्यांची राख पुसायचे. पेच घातले ते त्यासाठीच.

मग शेवटचा पेच निघाला आणि भाऊजी, माझ्या टेबलावर खरं पिस्तूल पडलं होतं.

काळं, जड, चक्र असलेलं. इतकी वर्षं आम्ही ते भोंग्याशिवाय पाहिलंच नव्हतं. मला स्वतःला ते उचलायची भीती वाटली. मी त्यावर टॉवेल टाकला आणि चहा करून प्यायले.

सोमवारी ठरवलं, विचारायचंय तर ज्याचं काम आहे त्यालाच विचारू. स्टेशनजवळ कोबान आहे, कोबान म्हणजे इथली छोटी पोलीसचौकी. तिथं ओकुबो-सान असतात. माझी छत्री त्यांनी दोनदा शोधून दिली आहे. मी पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं. वाटेत पालक स्वस्त दिसला तोही घेतला.

ओकुबो-सान हसून उठले. "आज काय हरवलं?"

म्हटलं, "हरवलं नाही. माझ्याकडे एक वस्तू आहे. ती पिस्तूल आहे की नाही ते तुम्ही सांगा." आणि पालक बाजूला करून टॉवेल उलगडला.

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. खुर्ची मागं सरकली. फार सभ्य आवाजात म्हणाले, "ओकुसान," म्हणजे आपल्याकडचं बाई, "कृपा करून त्यापासून हात दूर घ्या." मी हात दूर घेतले. एका हातात पालक होता, तोही वर केला.

आतून त्यांचे वरिष्ठ आले. त्यांनी हातमोजे घालून ते उचललं, नळीत टॉर्च मारला. नळी आतून भरीव आहे, ओततानाच तशी ओततात. ते बघून दोघांनी श्वास सोडला. मग चौकशी.

"हे कशासाठी बनवतात?"

"सणासाठी. दिवाळी. लहान मुलं उडवतात."

"कुणावर?"

"कुणावर नाही. नुसतंच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सणाच्या दिवशी लहान मुलं पिस्तुलं घेऊन रस्त्यावर येतात, आणि ती कुणावरच उडवत नाहीत?"

"मग नवे कपडे घालून फराळाला जातात," मी म्हटलं. वरिष्ठांनी ते लिहून घेतलं.

मग मला सुचलं आणि मी फोनवरचा मागच्या मेमधला फोटो दाखवला. त्यात हे हात वर करून उभे आहेत, हातात भोंगा, वर उडालेली चकती. ओकुबो-सान फस्सकन हसले. वरिष्ठ हसले नाहीत, पण फोटो मोठा करून परत परत बघत राहिले. म्हणाले, "हे असं असतं तर आम्ही कुणाला फोन केला नसता."

"पण जोडलेलं सगळं काढून टाकायचं असतं ना?"

"असं कुणी सांगितलं?"

"माझे दीर. अमेरिकेत असतात. बंदुकांचे जाणकार आहेत."

वरिष्ठांनी दातांतून हवा आत ओढली. इथं एवढं केलं की पुढचं बोलावं लागत नाही.

थोडक्यात, तुमच्याकडे जोडल्यानं गुन्हा होतो आणि आमच्याकडे सोडवल्यानं. पिस्तूल त्यांनी ठेवून घेतलंय. मुख्य ठाण्यातले जाणकार बघून ठरवणार. मी स्वतः आणून दिलं म्हणून बरं, असं ओकुबो-सान हळूच म्हणाले. वाटी माझ्याकडे आहे, पिस्तूल त्यांच्याकडे, आणि क्रीडा दिवस २८ मेला.

पालक मात्र परत दिला.

वहिनी

---

सॅन अँटोनियो
२५ एप्रिल २०२३

वहिनी!

चौकीत? स्वतःहून? पिशवीतून? पालकाखाली?

विभानं पत्र मोठ्यानं वाचलं. आधी मी हसलो, मग घाबरलो, मग ती म्हणाली, "हा सल्ला दिला कुणी?" आणि मी अंगणात जाऊन बसलो.

आता मी सांगतो ते करा. एक शब्द बोलू नका. वकील मागा. "मी उत्तर देण्यास बांधील नाही" हे वाक्य जपानीत पाठ करून ठेवा. कुठल्याही कागदावर सही करू नका. कोठडीत ठेवलं असेल तर भारतीय वकिलातीत कळवा. पुन्हा विचारलं तर दिवाळीचा उल्लेखही करू नका, ते आधीच संशयानं लिहून घेताहेत.

तुमच्या नळीचं बघितलं तर ती भरीव आहे, म्हणजे इथल्या व्याख्येत ती वस्तू शस्त्रच नाही. नळीची लांबी मला इंचांत कळवा. चक्र फिरतं का? मी खात्याचा सगळा नियम, जवळजवळ तीनशे पानांचा, पुन्हा वाचायला घेतलाय. कुठंतरी तुमच्या उपयोगाचं सापडेलच.

माझं म्हणाल तर मी अजून ठरवलेलं नाही. मित्र म्हणतात, दांडा काढून टाक, संपलं. मला तो काढायचा नाही. त्यांना वाटतं मी तत्त्वासाठी भांडतोय. वाटू दे.

तुमचा अपराधी
नंदकिशोर

---

निशी-कसाई
५ मे २०२३

नंदकिशोर भाऊजी,

मी घरीच आहे. कोठडी नाही. त्यांनी मला गार बार्ली चहा दिला आणि निघताना दोघं दारापर्यंत आले. तुमचं वाक्य मी जपानीत बोलून पाहिलं. या भाषेत ते इतकं उद्धट होतं की पाठ करण्याच्या लायकीचं नाही. नळी माझ्या करंगळीएवढी आहे, इंच तुम्ही काढा.

ठाण्यातून निरोप नाही. कादंबरी रोज विचारते. "काकू, बॅकअप प्लॅन ठेवू का? फोनवर स्टार्टरचं अॅप आहे, स्पीकरला लावलं की झालं." मी म्हटलं ठेव. ती मनानं चांगली आहे. तिला वाटतं मला आवाज हवा आहे.

आता तुमचं प्रकरण. तुम्ही तीनशे पानं वाचता, तर मीही थोडी वाचली. कोनबिनीत जाऊन पहिला भाग छापून आणला, म्हणजे आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, फक्त इथं छपाईही होते. इंग्रजी मला जपानीपेक्षा जड जातं, पण सुटी होती. त्यात एका ठिकाणी लिहिलंय की असा दांडा मुळात कुणी का बनवला. एका माजी सैनिकाचा हात अधू होता, त्याला पिस्तूल एका हातानं पेलत नव्हतं, म्हणून ते हाताला बांधायला पट्टा केला. खांदा वगैरे नंतरचं.

ते वाचल्यावर मी तुमची दोन्ही पत्रं परत काढली. टाईप केलेली. दादा तुमच्या अक्षराला कोंबडीचं म्हणायचे, पण तुम्ही कोंबडीच्या अक्षरात पाच-पाच पानं लिहायचात. गेल्या दिवाळीच्या कार्डावरचा पत्तासुद्धा विभाच्या अक्षरात होता. खाली सही नव्हती, नाव छापलेलं होतं.

तर सरळ विचारते. तुमच्या मित्रांना वाटतं तुम्ही तत्त्वासाठी दांडा काढत नाही. मला वाटतं तुम्हाला तो लागतो. तुमच्या उजव्या हाताला काय झालंय, आणि ते कधी झालं?

उत्तर फोनवर नको. फोनवर तुम्ही विनोद कराल.

वहिनी

---

सॅन अँटोनियो
१६ मे २०२३

वहिनी,

विनोद न करता लिहितोय. जमेल तेवढं.

ऑगस्टमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. दादा गेला त्याच आठवड्यात. तुमचा फोन विभानं घेतला तेव्हा ती इस्पितळाच्या आवारात होती. मला तीन दिवसांनी सांगितलं. सांगितल्यावर मी पासपोर्ट आण म्हणालो, तेही मला नीट बोलता आलं नाही. तुम्हाला हे कळवायचं नाही असं मी ठरवलं. विभा भांडली. मी म्हटलं, वहिनींना एका आठवड्यात दोन भावांची बातमी द्यायची? पासपोर्टचं कारण मला त्या वेळी फार हुशार वाटलं होतं. नंतर ते मागं घ्यायची हिंमत झाली नाही.

पाय सुधारला. बोलणं तुम्ही फोनवर ऐकताच, फार जास्त सुधारलंय. उजवा हात मात्र अर्ध्यावर राहिला. नेमबाजीला मी वीस वर्षं जातोय, ते मला बंद करायचं नव्हतं. तिथल्या एका सोबत्यानं हा पट्टा दिला. मी तो खांद्याला एकदाही टेकवलेला नाही. पण कायदा मला विचारत नाही तू काय करतोस, तो वस्तूला विचारतो तू काय करू शकतेस.

तुमचं पत्र आल्यावर मी नोंदणी करायचं ठरवलं. अर्जाबरोबर दहाही बोटांचे ठसे लागतात. ठसे घेणारी बाई विशीतली. डाव्या हाताचे पटकन झाले. उजवा टेबलावर ठेवला तर बोटं मिटलेली, उघडेनात. मला वाटलं ती म्हणेल पुढच्या वेळी या. तिनं खुर्ची ओढली, माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट उलगडून, धरून, शाईवर फिरवून कागदावर टेकवलं. पाचही. मागं रांग होती. ती घाई करत नव्हती. अंगठ्याला म्हणाली, "हा जरा हट्टी आहे." मी म्हटलं, "घराण्यातच आहे."

हा विनोद झाला. राहू द्या.

तर आता मी सरकारच्या लेखी एका आखूड रायफलचा अर्जदार मालक आहे. खांद्याला न लागलेल्या रायफलचा.

तुमच्या पिस्तुलाचं काय झालं? मी सल्ला देत नाही. फक्त विचारतोय.

नंदकिशोर

(वरचं नाव डाव्या हातानं लिहिलंय. दादा असता तर कोंबडीची माफी मागितली असती.)

---

निशी-कसाई
३१ मे २०२३

नंदकिशोर भाऊजी,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं, क्रीडा दिवसाच्या आदल्या दिवशी.

मी इतके महिने तुमच्यावर रागावले होते. खोटं कशाला सांगू, तो राग मला उपयोगी पडला. रिकाम्या घरात सकाळी उठून काहीतरी करायला होतं. आता तो संपला. विभाला सांगा, तिच्या जागी मी असते तर मीही भांडले असते, आणि मग तिच्यासारखीच गप्प बसले असते. हात रोज गरम पाण्यात धरा. हा सल्ला बंदुकीचा नाही, तेव्हा पाळा.

आता पिस्तूल. शुक्रवारी ओकुबो-सानचा फोन आला की जाणकार सोमवारी बघतील. म्हणजे क्रीडा दिवस उलटल्यावर. ते चार वेळा माफ करा म्हणाले. मी म्हटलं, तुमची चूक नाही, अमेरिकेची आहे.

रविवारी कादंबरीनं फोन स्पीकरला जोडला. पहिली शर्यत लहान मुलांची. तिनं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून 'पिप्‌, पिप्‌' असा आवाज आला. इथं रस्ता ओलांडायच्या सिग्नलला असाच आवाज येतो. भाऊजी, सगळी पोरं आधी उजवीकडे बघायला लागली, मग डावीकडे. एक मुलगी हात वर करून शहाण्यासारखी चालत निघाली. आई-बाप हसून लोळले. दुसऱ्यांदा दाबलं तर स्पीकरनं कुणाच्या तरी ऑफिसचा कॉल उचलला. "हॅलो, सुशील-सान?" असं मैदानभर.

कादंबरी रडायच्या बेतात. "काकू, सॉरी, काल टेस्ट केलं होतं मी." आणि रेखेवर सहा वर्षांचा रेन उभा होता, बाप सांगलीचा, आई इथली. तो जपानीतच बोलतो, एरवी मराठी समजत नसल्याचं सोंग करतो. तो मला म्हणाला, "काकू, ठो कुठाय?"

मी खुर्चीवर चढले. आधाराला कादंबरीचा खांदा धरला. मोकळाच हात वर केला.

एक सांगते. हात वर केला की सगळी पोरं तुमच्याकडे बघतात. एकही दुसरीकडे बघत नाही. एवढे डोळे, आणि सगळे थांबलेले, फक्त तुमच्यासाठी. मला इतकी वर्षं वाटायचं ह्यांना आवाज आवडतो.

मग मी ओरडले, "ठो!"

पहिल्या खेपेला रेन एकटा पळाला, कारण आवाज माझ्या घशातच राहिला. त्याला परत बोलावलं. दुसऱ्या खेपेला मी असं ओरडले की नदीच्या पलीकडच्या काठावर बेसबॉल खेळणारे थांबले. पोरं सुटली. पुढच्या सगळ्या शर्यती मीच सोडल्या. शेवटची आई-बापांची होती, तोवर घसा पार बसला, तेव्हा नुसता हात खाली आणला. तेही पळाले. घड्याळ लावणाऱ्यानं सांगितलं की यंदाच्या वेळा काही खऱ्या नाहीत.

सोमवारी वाटी घेऊन मुख्य ठाण्यात गेले. जाणकार म्हणजे माझ्या वयाचे, बारीक, चष्मा कपाळावर. त्यांनी पिस्तूल समोर ठेवलं आणि म्हणाले, "हे सगळं पुन्हा बसवून दाखवा." मी बसवलं. ते बघत राहिले. म्हणाले, "याला कुणी पिस्तूल म्हणणार नाही." मला बरं वाटलं. मग म्हणाले, "आता काढून दाखवा." मी काढलं. "आता याला कुणीही पिस्तूल म्हणेल." परत बसवायला लावलं. परत काढायला.

शेवटी म्हणाले, "अडचण भोंग्याची नाही, पेचांची आहे. जे सहज निघतं ते नसल्यासारखंच धरावं लागतं." तुमचं वाक्य आठवलं मला, वस्तू काय करू शकते ते. दोन्हीकडचे कायदे शेवटी एकाच बाकावर येऊन बसले.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, भोंगा, चकती सगळं पक्कं चिकटवून टाकायचं, पुन्हा कधी निघणार नाही असं. मग रंगाची गरज नाही, आहे तसं काळं आणि पितळी ठेवा. दुसरी, आतलं पिस्तूल पूर्ण पिवळं करायचं आणि पेच तसेच ठेवायचे.

"बहुतेक लोक काय करतात?" मी विचारलं.

"बहुतेक लोकांकडे असं काही नसतं," ते म्हणाले.

मग ते हळूच म्हणाले, "नवऱ्याची आठवण आहे. चिकटवलंत तर दिसायला त्यांनी ठेवलं तसंच राहील." माणूस भला होता. दोनांपैकी एक करीन असं लिहून घेऊन त्यांनी पिस्तूल परत दिलं. मी घरी येताना तेच मनात घोळवत आले. चिकटवलं तर ते कायम तसंच दिसेल, खरं आहे. पण राख पुसायला उघडता येणार नाही, आणि दोन-तीन वर्षांत घोडा अडकेल. मग ते काचेच्या कपाटात ठेवायचं, आणि मी रोज पुसायचं ते बाहेरून.

पिवळा रंग ह्यांना अजिबात आवडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामानाच्या दुकानात गेले, पिवळ्या रंगाचा डबा आणि अर्ध्या इंची ब्रश आणला, गॅलरीत कागद पसरला आणि पिस्तुलाला दोन हात दिले.

चंद्रप्रभा